ऑटोमॅटिक गाडी घेऊन ऑटोक्रॉसच्या शाळेत

मिशिगनमधल्या आमच्या भागातल्या क्लबची नवशिक्यांसाठीची ऑटोक्रॉस शाळा मी गेल्या महिन्यात केली. एक दिवस, ९० डॉलर, गाडी आपली आपण आणायची. माझी टोयोटा जीआर ८६, म्हणजे छोटी स्पोर्ट्स कार, सहा गिअरची ऑटोमॅटिक. ही गाडी ऑटोमॅटिक घेतली म्हणून दोन वर्षं मी बोलणी ऐकतेय. माझ्या दादाचं मिरज रोडला गॅरेज आहे. त्याने तर फोनवर तोंडावरच विचारलं, “अगं, असली गाडी घेतलीस आणि गिअर टाकायचा नाही? मग चालवायचं काय?” ऑफिसला जाता-येता दीड तास ट्रॅफिकमध्ये जातो आणि गाडी नवराही चालवतो, त्याला क्लचची सवय नाही. कारण एवढंच. ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक आहे आणि म्हणून जे अशा शाळेकडे फिरकत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या पार्किंगमध्ये नाहीतर जुन्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडून आखलेली वाट. त्यावरून गाड्या एकेक करून सोडतात, स्पर्धा घड्याळाशी. फेरी मिनिटभराची. कोन पाडला किंवा त्याच्याभोवती आखलेल्या चौकटीबाहेर ढकलला की २ सेकंद दंड, वाट चुकली की फेरी बाद. अमेरिकेत बरेच क्लब यासाठी एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेचे नियम पाळतात. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून नेब्रास्कातल्या लिंकनला, विमानतळालगतच्या काँक्रीटवर होते. आमची शाळा मात्र साध्या डांबरी पार्किंगमध्ये होती, त्यामुळे वेग ताशी ६० मैलांच्या आतच.

सकाळी गाडी तपासतात. पायाखालची मॅट काढायला लावतात, कारण ती सरकून पेडलखाली अडकली तर संपलंच. डिकी रिकामी, चाकांचे नट घट्ट, बॅटरी हलता कामा नये. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेलं हेल्मेट लागतं, ते त्यांच्याकडे वापरायला मिळतं. मग कोर्स पायी फिरायचा. आमच्या चौघांच्या गटाला शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे. पहिल्या वळणाशी ते चक्क उकिडवे बसले आणि आम्हालाही बसवलं. गाडीत बसल्यावर डोळे याच उंचीवर असतात. उभं राहून जी वाट स्पष्ट दिसत होती, ती बसल्यावर नुसत्या कोनांच्या गर्दीत हरवली. “आता पुढचा कोन सोड, तिसरा शोध,” असं ते प्रत्येक वळणाशी सांगत होते. तीन वेळा फिरलो तेव्हा कुठे वाट डोक्यात बसली.

पहिली फेरी मी डी मध्ये मारली, म्हणजे गिअर गाडीनेच बदलायचे. शहरात डी, हायवेला डी, म्हणून इथेही डी. स्लॅलमच्या, म्हणजे कोनांच्या रांगेतून नागमोडी जायच्या भागाच्या, आधी मी पाय उचलला. गिअरबॉक्सला वाटलं बाई आता निवांत चाललीय, त्याने वरचा गिअर घेतला. लगेच वळणाच्या मध्यावर मी ॲक्सिलरेटर दाबला. क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम गिअर खाली पडून सगळी ताकद मागच्या चाकांवर आली. शेपटी सुटली, दोन कोन गेले, म्हणजे ४ सेकंदांचा भुर्दंड. यात गाडीचा दोष नाही. पुढे वळण आहे की सरळ रस्ता, हे गिअरबॉक्सला दिसत नाही, ते मलाच सांगायला हवं होतं.

सर शेजारी बसलेच होते. त्यांनी लिव्हर एम कडे सरकवायला सांगितलं. तिथे आपण मागू तोच गिअर राहतो. पहिल्यात सुटायचं, ३० मैलांच्या आसपास स्टिअरिंगमागचं उजवं पॅडल (गिअर बदलायची पट्टी) ओढून दुसरा घ्यायचा आणि मग शेवटच्या कोनापर्यंत पॅडल विसरायची. माझ्या गाडीचा दुसरा ६० मैलांपर्यंत खेचतो, म्हणजे असल्या कोर्सला तो एकटा पुरतो. अगदी हळू वळणातून निघताना गाडी जड वाटते आणि पहिला घ्यावासा वाटतो, तिथेच मोह आवरायचा. एक तर पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरलेली असतात, उलट्या हाताने ती शोधण्यात वळण हातचं जातं. दुसरं म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला, तेलातून ताकद पोचवणारा भाग) कमी वेगात थोडा घसरतो आणि टॉर्क वाढवून चाकांना देतो, त्यामुळे इंजिन वाटतं तेवढं गळपटत नाही. त्या दिवशी क्लचवाल्या गाड्यांतले दोघं दुसरा की पहिला या गोंधळात वळणं घालवत होते. माझं डोकं त्यातून मोकळं झालं होतं.

यापेक्षा अवघड गेला डावा पाय. मी शिकले बाबांच्या पद्मिनीवर. माझ्या डाव्या पायाला फक्त क्लच माहीत, म्हणजे दाबायचं ते तळापर्यंत. डाव्या पायाने ब्रेक पहिल्यांदा लावला तेव्हा पट्टा खांद्यात रुतला आणि सरांचा हात डॅशबोर्डवर गेला. त्यांनी कोर्सबाहेर, कडेच्या मोकळ्या पट्ट्यात, दहा मिनिटं नुसतं तेवढंच करून घेतलं. टाच जमिनीवर टेकवून बोटांनीच दाबायचं, हलक्या हाताने कणीक दाबावी तसं. फायदा हा की ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय न्यायचा वेळ वाचतो आणि वळणाआधी गाडीचं नाक हवं तेव्हा खाली बसवता येतं. एक काळजी मात्र घ्यायची. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की इंजिनची ताकद कापली जाते. म्हणून आधी उजवा पाय सोडायचा, मग डावा लावायचा. ज्यांना हे जमत नाही त्यांना सर जबरदस्ती करत नाहीत, उजव्या पायानेच चालू देतात. मलाही सहापैकी शेवटच्या दोनच फेऱ्यांत जमलं.

सुटण्याच्या वेळी ब्रेक धरून रेस देत बसू नका. गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि फारसं काही मिळत नाही, कारण घड्याळ सुरू करणारा किरण काही पावलं पुढे असतो. फेऱ्यांच्या अधेमधे कोन उचलायची पाळी येते, ती टाळू नका. उन्हात पाऊण तास उभी राहून इतरांची पुढची चाकं बघत होते, तेव्हा स्लॅलम मला खरा कळला. जो पहिल्या कोनाआधी वळवायला लागतो तो शेवटच्या कोनाला मोकळा असतो.

दोन गोष्टी खटकल्या. छापील टिपणात क्लचवाल्या गाडीत टाच आणि चवड्याने ब्रेक व ॲक्सिलरेटर एकदम सांभाळत गिअर उतरवण्यावर अख्खं पान आहे आणि ऑटोमॅटिकवर दोन ओळी. मला हे सगळं मिळालं ते माझ्या वाट्याला आलेल्या सरांमुळे. दुसऱ्या गटातल्या ऑटोमॅटिकवाल्या मुलाने दिवसभर डी मध्येच गाडी चालवली, त्याला कुणी काही सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. ते टिपण सुधारा, असं मी क्लबला लिहिलंय. दुसरं म्हणजे सावली कुठेच नाही. खुर्ची, टोपी, पाणी आणि हवा मोजायचं मीटर घरून न्या. तीन फेऱ्यांनंतर टायर तापून प्रेशर चढतं, ते मोजून थोडी हवा सोडावी लागते.

पहिली फेरी दंड धरून ७१.४ सेकंद, सहावी ६३.२. सहावीचा व्हिडिओ मी दादाला पाठवला. त्याच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. “सुटल्यावर एकदा बदललास, मग शेवटपर्यंत एकाच गिअरात आहेस ना गं? आवाजावरून कळलं. डाव्या वळणाला ब्रेक जरा आधी सोडलास, तो परत ऐक.”