माईकशिवाय गोंधळ: बोलावलेल्या पार्टीबद्दल चार शब्द

दिराच्या लग्नाचा गोंधळ होता, देवीपुढे गोंधळी घालतात तो. आमची अट एकच, माईक नको. हल्ली गोंधळ्यांच्या बऱ्याच पार्ट्या स्पीकर, इको, कीबोर्ड असा संसार घेऊनच येतात. या पार्टीच्या नायकांनी मात्र फोनवर उलट मलाच विचारलं, "ताई, पाहुणे किती आणि वर पत्रा की स्लॅब?" तिथेच पार्टी पक्की केली.

मंडळी कदमराई, म्हणजे तुळजाभवानीचे गोंधळी. चौरंगावर खण, तांदळाचा चौक, कलश, वर पाच उसांचा मांडव. बोलता बोलता मांडणी झाली. संबळवाल्याने मात्र आपल्या जोडवाद्याच्या दोऱ्या ताणायला बराच वेळ घेतला, आणि ते बरंच केलं. बंद हॉलमध्ये संबळ वाढवावं लागत नाही, आवरावं लागतं. नायकांनी तोंड उघडलं की याची काठी हलकी पडायची, ओळ संपली की पुन्हा कडकडाट. गाण्यातला शब्द न् शब्द कळला.

खरी मजा झीलची. नायकांची ओळ शेवटाला आली की मागचे दोघे ती वरच्या वर झेलणार, तेवढ्यात नायकांचा श्वास घेऊन होणार. एकच माईक नायकांपुढे असला की झीलकरी नुसते ओठ हलवताना दिसतात. इथे तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा अशी एकेकाला हाक गेली, तशी आमच्या आत्याबाईही झील धरू लागल्या. मग दिवटी घेऊन फेर धरला, तेव्हा पायातले चाळ दारापर्यंत ऐकू येत होते.

आता खटकलेलं. तुणतुणं ऐकू यावं म्हणून पंखे बंद करायला लावले, सगळे घामाघूम. मधल्या विनोदी बोलण्यातलं निम्मं मागच्या रांगेला पोचलं नाही, तिथे गप्पा सुरू झाल्या. आख्यानही घाईत उरकलं. आणि बिदागी ठरवताना ताटात टाकायच्या ओवाळणीबद्दल चकार शब्द नव्हता. ते आधीच विचारून घ्या.

शे-सव्वाशे पाहुण्यांपर्यंत डोळे झाकून बोलवा. दिवटीचं तेल सांडतं, खाली जुनी सतरंजी अंथरा. खंडोबाचं जागरण ही मंडळी घालत नाहीत, त्याला वाघ्या-मुरळी वेगळे बघावे लागतील.