शिष्यवृत्तीच्या नावाखाली भाचीचं वर्ष गेलं

माझ्या भाचीला परदेशात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं होतं आणि शिष्यवृत्ती मिळाली तरच ते शक्य होतं. तिची फसवणूक कशी झाली ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा प्रकरणांत चर्चा होते ती फक्त गेलेल्या पैशांची. पैसे गेलेच. पण खरं नुकसान झालं ते अर्जांच्या मुदती उलटून गेल्याचं. ते कुठलीही बँक भरून देत नाही.

सुरुवात एका वेबसाइटवरून झाली. माहिती भरा, तुम्हाला लागू होणाऱ्या शिष्यवृत्त्या मोफत शोधून देतो, असं तिथे म्हटलं होतं. नाव, जन्मतारीख, गुण, विषय, फोन नंबर, घरचं उत्पन्न, सगळं तिने भरलं. भरताना आडनावातलं एक अक्षर दोनदा टाइप झालं, ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

थोड्याच दिवसांत ईमेल आला की एका आंतरराष्ट्रीय फाउंडेशनने तिची निवड केली आहे. सोबत पत्र, त्यावर सोनेरी शिक्का, संचालकांची सही आणि भलीमोठी रक्कम. पाठोपाठ फोन. बोलणारी बाई अगदी आपुलकीने बोलत होती, तिच्या विषयाची माहितीही बाईंना होती. जागा राखून ठेवायची तर प्रक्रिया शुल्क आजच भरावं लागेल, नाहीतर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला संधी जाईल, असं त्यांनी सांगितलं. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर शुल्क परत. आणि याच शुल्कात इतर मोठ्या शिष्यवृत्त्यांचे अर्जही आम्हीच भरू, तू फक्त अभ्यासाकडे लक्ष दे.

माझ्या मते सगळ्यांत घातक होतं ते हे शेवटचं आश्वासन. शुल्काची मागणी निदान खटकते तरी. 'अर्ज आम्ही भरू' हे ऐकून परीक्षेच्या ओझ्याखाली असलेल्या मुलीला हायसं वाटणारच. मग पासपोर्टची स्कॅन प्रत, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि रात्री जागून लिहिलेला स्वतःबद्दलचा निबंध, सगळं त्यांच्याकडे गेलं. अर्जांसाठी वेगळा ईमेल त्यांनीच उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. बदल्यात तिला एक लॉगिन दिलं. तिथे प्रत्येक शिष्यवृत्तीच्या नावापुढे हिरवी खूण आणि 'अर्ज सादर, छाननी सुरू' असं दिसायचं. झोपण्याआधी ती ते पान उघडून बघायची.

बिंग फुटलं ते तिच्या प्राध्यापकांमुळे. शिफारसपत्र द्यायला ते तयार होते. 'अगं, मला अजून एकही लिंक आली नाही, अर्ज नक्की गेलेत ना?' असं त्यांनी विचारलं. बऱ्याच मोठ्या शिष्यवृत्त्यांत शिफारसपत्र विद्यार्थ्याकडून घेतच नाहीत. अर्जात शिफारस करणाऱ्याचा ईमेल द्यावा लागतो आणि पोर्टल त्यांनाच परस्पर लिंक पाठवतं. लिंक आली नाही म्हणजे बहुधा अर्जच गेलेला नाही. भाचीने एकेका संस्थेला थेट विचारलं. उत्तरं सारखीच आली: तुमच्या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही आणि यंदाची मुदत संपली आहे.

मग आम्ही ते निवडपत्र पुन्हा काढलं. त्यात आडनाव चुकलेलं होतं, तेच एक अक्षर दोनदा. तिच्या एकाही प्रमाणपत्रावर तसं नाही, फक्त त्या मोफत फॉर्मवर होतं. म्हणजे 'निवड' करणाऱ्याने तिचा एकही कागद पाहिला नव्हता. फॉर्ममधून नाव उचललं आणि पत्रात चिकटवलं. मला सर्वांत जास्त संताप याचा येतो की त्याच फॉर्ममध्ये घरच्या उत्पन्नाचा रकाना होता. गरज कुणाला जास्त आहे हे त्यांना मुलांनीच सांगितलेलं असतं.

हा धंदा नवा नाही. अमेरिकेत ग्राहकांना फसवणुकीपासून वाचवण्याचं काम करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने १९९६ मध्ये अशा टोळ्यांविरुद्ध खास मोहीम उघडली होती आणि २००० मध्ये तिथे शिष्यवृत्तीच्या फसवणुकीवर वेगळा कायदा झाला. कमिशन ज्या वाक्यांपासून सावध करतं, ती वाचून भाची सुन्न झाली. शिष्यवृत्तीची हमी, नाहीतर पैसे परत. ही माहिती इतर कुठेच मिळणार नाही. शिष्यवृत्ती राखून ठेवायला बँक खात्याचा नंबर द्या. सगळं काम आम्ही करू. आणि जिथे अर्जच केला नव्हता तिथे 'तुमची निवड झाली आहे'. यातलं बहुतेक सगळं तिने फोनवर ऐकलं होतं.

फुलब्राइट, ऱ्होड्स, चिव्हनिंग या जगभर नावाजलेल्या शिष्यवृत्त्या आहेत आणि यांपैकी एकीलाही अर्जाचं शुल्क नाही. विद्यापीठाचं प्रवेश अर्जाचं शुल्क किंवा भाषेच्या परीक्षेची फी असू शकते, तो वेगळा खर्च. शिष्यवृत्ती मिळण्यासाठी मात्र आधी पैसे मागितले की तिथेच थांबा. देणाऱ्याला तुमच्याकडून घ्यायचं कारणच काय? शोधताना सुरुवात देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटपासून करा किंवा जिथे शिकायचं आहे त्या विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य विभागाला लिहा. तो सल्ला फुकट असतो. मदत कुणाचीही घ्या, पण अर्जातला ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा, आणि अर्ज गेल्याची पोच संस्थेकडून तुमच्या इनबॉक्समध्ये यायला हवी. मध्यस्थाच्या पानावरची हिरवी खूण ही पोच नव्हे.

ज्यांची कागदपत्रं आधीच अशा कुणाच्या हाती गेली आहेत, त्यांनी आजच बँकेला कळवा, सायबर पोलिसांकडे तक्रार द्या आणि संभाषण, पावत्या, ईमेल काहीही पुसू नका. आणखी एक काम सहसा राहून जातं. ज्या ज्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता, त्या प्रत्येक संस्थेला लिहा की माझे कागद आणि निबंध चोरीला गेले आहेत, माझ्या नावाने किंवा याच मजकुराने दुसरा अर्ज आला तर तो माझा समजू नका. तोच निबंध दुसऱ्या कुणाला विकला गेला तर पुढच्या वर्षी नक्कल केल्याचा ठपका खऱ्या मुलीवर येऊ शकतो. भाचीने ही पत्रं पाठवली आहेत. निबंध ती पहिल्यापासून नवा लिहिते आहे, आणि या वेळी प्राध्यापकांना विचारून, कुणाची लिंक केव्हा येणार याची यादी तिने स्वतःजवळ ठेवली आहे.