मुलांच्या पायातला जीपीएस पट्टा: नऊ दिवस स्वतः घालून पाहिला

किशोरवयीन मुलांची पॅरोल अधिकारी म्हणून मला चौदा वर्षं झाली. सुधारगृहातून मुदतीआधी, अटींवर सुटलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांतल्या काहींच्या पायात पहिले काही महिने जीपीएसचा पट्टा असतो आणि तो बांधायचं काम माझं. किती पायांना बांधला याची मोजदाद नाही, पण स्वतःच्या पायाला कधी बांधला नव्हता. यंदा नवीन मॉडेल आलं तेव्हा वरिष्ठांची परवानगी घेऊन नऊ दिवस घातला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आधी वापरलेले दोन पट्टे वेगळ्या कंपन्यांचे होते आणि मुलांच्या तक्रारी तेव्हाही ह्याच होत्या. पाचपैकी अडीच तारे.

साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, घोट्याच्या जरा वर बसते. पट्टा रबरी, आतून प्रकाशतंतू गेलेला. पट्टा कापला की प्रकाश खंडित होतो आणि नियंत्रण कक्षात इशारा वाजतो. डबी उपग्रहांवरून जागा काढते आणि मोबाइल नेटवर्कवरून कळवते. आंघोळ चालते. पट्टा आणि पाय यांच्यामध्ये एक बोट शिरेल एवढी जागा ठेवा, असं पुस्तिकेत आहे. संध्याकाळी पाय थोडा सुजतो, हे मला चौथ्या दिवशी हाडाजवळची कातडी सोलवटल्यावर कळलं. आता मी पट्टा बांधायला मुलांना संध्याकाळीच बोलावते. लांब पायमोजा आधी चढवला तर घासत नाही, हेही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मुलं पाय खाजवायची आणि मी "सवय होईल" म्हणायचे.

खरा त्रास बॅटरीचा. रोज साधारण दोन तास चार्जिंग, आणि तेही पट्टा पायात असतानाच. झोपेत लावू नका असं पुस्तिका सांगते, कारण कूस बदलली की वायर निघते. म्हणजे दिवसातले दोन तास भिंतीशी बसून काढायचे. तिसऱ्या दिवशी मी विसरले आणि भर बैठकीत डबी थरथरायला लागली. टेबलाच्या लाकडी पायाला टेकलेली होती, त्यामुळे आवाज सगळ्यांना ऐकू गेला. सगळे खाली बघायला लागले. गळ्यात ओळखपत्र असलेली मी, माझेही कान गरम झाले.

तेव्हा मला दोन वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. सोळा वर्षांचा, गणितात चांगला. परीक्षा चालू असताना डबी थरथरली, मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं आणि हा अर्धा पेपर ठेवून उठून गेला. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "चार्ज का नाही केलास?" तो गप्प राहिला. आठवड्याने त्याच्या घरी गेले तेव्हा कळलं की घरात चालू प्लग एकच, आणि रात्री त्यावर आजीचं वाफ घ्यायचं मशीन. तोवर माझ्या अहवालात "बॅटरी संपली, अटीचा भंग" असं लिहून झालं होतं. अहवाल मी दुरुस्त करून पाठवला. पेपर त्याला पुढच्या वर्षी द्यावा लागला. ही चूक माझी होती, पट्ट्याची नव्हे, आणि ती मला अजून टोचते.

मोकळ्या मैदानात जागा अचूक दिसते. उंच इमारतींच्या मध्ये किंवा घराच्या आतल्या खोलीत ठिपका उड्या मारतो. सहाव्या रात्री मी अंथरुणात होते आणि नकाशावर रस्त्यापलीकडे. माझ्या जागी रात्री बाहेर पडायला बंदी असलेला मुलगा असता तर पहाटे दोनला त्याच्या आईचा फोन वाजला असता. वाजतोही. पुरवठादाराचं नियंत्रण केंद्र आधी इशारा पाठवतं, खात्री मागाहून करतं, आणि ह्या सेवेला मी एकही तारा देणार नाही.

आता चांगलं. एका मुलावर शेजारच्या चोरीचा आळ आला. पूर्वी चुकलेलं पोर, त्यामुळे सगळ्यांचं बोट त्याच्याकडेच. आदल्या संध्याकाळपासून सकाळपर्यंतच्या नोंदी काढल्या, पोरगं घरातच होतं. तासाभरात विषय मिटला. नुसत्या माझ्या शब्दावर तो मिटला नसता. आणि मुलं स्वतः एक फायदा सांगतात, जो कुठल्याच माहितीपत्रकात नाही. जुनी मित्रमंडळी रात्री हाका मारायला येतात तेव्हा "येत नाही" म्हणणं फार जड जातं. पट्टा दाखवून म्हणता येतं, "जमणार नाही रे, हे बघ." एकाने तर पट्टा काढायच्या दिवशी विचारलं, "मॅडम, अजून महिनाभर ठेवला तर चालेल का?" मी तेव्हा काढलाच, पण पुढचा महिनाभर रोज रात्री नऊला त्याला फोन केला.

उलट एका मुलाचा ठिपका तीन आठवडे शाळेच्या वेळात शाळेतच होता, हिरवागार. तो वर्गात जातच नव्हता, जिन्याखाली बसून असायचा. मला हे शाळेच्या शिपायाने सांगितलं.

हे यंत्र मुळात कशासाठी होतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. 1960च्या दशकात हार्वर्डमध्ये दोन जुळ्या भावांनी अंगावर बाळगायचं असं यंत्र तरुण गुन्हेगारांबरोबर वापरून पाहिलं, ते बक्षिसासाठी. मुलगा ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचला की त्याला शाबासकी, काहीतरी छोटी भेट. पुढे 1983 मध्ये अमेरिकेतल्याच अल्बुकर्की शहराचे न्यायाधीश जॅक लव्ह यांनी वर्तमानपत्रातल्या एका चित्रकथेवरून कल्पना घेऊन घोट्यावरचं यंत्र आणलं, तेव्हा ते घरातच थांबायच्या शिक्षेसाठी होतं. शाबासकीचा भाग गळून गेला. संयुक्त राष्ट्रांच्या 1985च्या बीजिंग नियमांत, म्हणजे कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना कसं वागवावं याच्या नियमांत, अटींवर सुटलेल्या मुलांबद्दल जे कलम आहे, त्यात मदत आधी आणि देखरेख नंतर लिहिली आहे. नऊ दिवसांत माझा पट्टा अकरा वेळा थरथरला, अकराही वेळा काहीतरी चुकलं म्हणून.

तुमच्या खात्यात हा पट्टा घ्यायचा विचार चालू असेल तर आधी प्रत्येक अधिकाऱ्याला आठवडाभर घालायला लावा. मुलाच्या घरी जाऊन प्लग मोजा. शाळेच्या वेळात थरथर बंद ठेवून इशारा फक्त अधिकाऱ्याला जाईल अशी सोय मागा. आमच्या मॉडेलमध्ये ती आहे, पण सुरुवातीला बंद असते आणि कुणी सांगत नाही.

पट्टा परत करताना पुरवठादाराच्या अभिप्रायाच्या कागदावर मी एकच मागणी लिहिली आहे. आठवडाभर सगळ्या वेळा पाळल्या की शनिवारी सकाळी दोनदा, हलकंसं थरथरावं. मुलाला आधी सांगून ठेवलेलं असावं की ही थरथर कशाची.