जुन्या गाडीची ब्रेक लाइन: स्टील, कुनिफर की स्टेनलेस? आणि ब्रॅकेटचं काय?

चाळीस-पन्नास वर्षं जुन्या गाडीखाली टॉर्च घेऊन शिरलं की ब्रेक पाइप बहुतेक वेळा ठीकठाकच दिसतो. खरं कळतं ते पत्र्याची क्लिप उचकटल्यावर. माझ्या गाडीत मागच्या ॲक्सलजवळची क्लिप काढली तर खाली चिखल वाळून दगड झालेला. नखाने खरवडला, त्याबरोबर गंजाचा पापुद्रा सुटला आणि बोटाला ब्रेक ऑइल लागलं. बाकी पूर्ण लांबीचा पाइप रंगासकट शाबूत, आणि क्लिपखालचा दोन बोटांएवढा भाग कागद झालेला. असा एक तुकडा निघाला की सगळीच लाइन बदलावी. बाकीचे तुकडे त्याच वयाचे असतात. त्यातून बऱ्याच जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर पाइपांत ऑइलचा दाब देणारा) एकेरी असतो, चारही चाकांना मिळून एकच, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले.

मग प्रश्न येतो, घालायचं काय?

कंपनीने मुळात घातलेला असतो तो स्टीलचा पाइप. पातळ पट्टी दोन वेढे गुंडाळून वितळलेल्या तांब्याने सांधलेली (ब्रेझ केलेली), बाहेरून 3/16 इंच म्हणजे साधारण 4.75 मिमी. ताकदीत काही कमी नाही आणि दिसतोही मूळ गाडीसारखा. गाडी स्पर्धेत, प्रदर्शनात उभी करायची असेल आणि परीक्षक वाकून खाली बघणार असतील, तर हाच घ्या. फक्त लेप दिलेला घ्या. वाकवताना बेंडर लागतोच, हाताने वाकवला तर चपटा होतो. आणि लेपाला जिथे ओरखडा पडेल तिथूनच गंज सुरू होणार, हे धरून चाला.

कुनिफर म्हणजे सुमारे 90 टक्के तांबं, 10 टक्के निकेल आणि किंचित लोखंड. व्होल्व्होने 1970च्या दशकातच हा आपल्या गाड्यांना बसवायला सुरुवात केली, म्हणजे काही नवीन खूळ नाही. बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यावरही गंजत नाही. मोठे बाक अंगठ्याने देता येतात, आणि घरच्या साध्या टूलवरही फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेलं पाइपाचं टोक, स्वच्छ बसतो. माझी पसंती हीच. खोट एवढीच की तो मऊ आहे. नीट बांधला नाही तर थरथरतो आणि कडेला घासून झिजतो. दुकानात निव्वळ तांब्याचा पाइपही मिळतो, तो मात्र टाळा. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि मग तडकतं. कित्येक देशांत तो ब्रेकला चालतही नाही. लालसर दिसतो तो तांब्याचा. कुनिफरचा रंग जरा फिकट, करड्याकडे झुकणारा.

स्टेनलेस दिसायला राजबिंडा आणि गंजाची चिंताच नाही. पण कडक. वाकवला की थोडा परत फिरतो, फ्लेअर करताना तडे जातात, आणि टोक जागेवर चपखल बसत नाही. थेंब गळतो म्हणून माणूस नट आणखी आवळतो, आणखी आवळतो, आणि शेवटी व्हील सिलिंडरच्या (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरच्या) आतली पितळी बैठकच खराब करून बसतो. फ्लेअर करून, वाकवून आलेला तयार सेट असेल तर घ्या. सुटा स्टेनलेस घेऊन घरी पहिल्यांदाच फ्लेअर करायचा विचार असेल, तर सोडून द्या.

तयार सेट की रोल, म्हणजे न वाकवलेल्या पाइपाची गुंडाळी, हा दुसरा वाद. गाडी लोकप्रिय आणि मधल्या काळात कोणी हात न लावलेली असेल तर तयार सेटने आठवडा वाचतो. पण आधीच्या मालकांनी मास्टर सिलिंडर बदललाय, इंजिन दुसरं बसवलंय, तर सेटमधला प्रत्येक बाक दोन बोटं चुकीच्या जागी येतो. अशा वेळी रोल घ्यावा, जुना पाइप शक्यतो अखंड काढून शेजारी ठेवावा आणि त्यावरून नवा वाकवावा. जुना तुकडे होऊनच निघाला, तर जाड तार वाकवून आधी नमुना करावा.

रोलच्या कामात दोन गोष्टी घात करतात. एक म्हणजे फ्लेअरचा प्रकार. अमेरिकी आणि बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना 45 अंशांचा दुहेरी फ्लेअर लागतो, कित्येक युरोपीय गाड्यांना गोल बुडबुड्यासारखा. एकाच्या जागी दुसरा बसल्यासारखा वाटतो आणि गळतो. दुसरी गोष्ट आटे. 3/8 इंच व्यासाचा, इंचाला 24 आट्यांचा नट एम10 बाय 1 च्या (10 मिमी व्यास, 1 मिमीवर एक आटा) भोकात सहज फिरतो, थोडा आवळल्यासारखाही वाटतो, पण धरतो फक्त टोकांवर. जुना नट नव्याशेजारी धरून आटे जुळवून बघा. आणि फ्लेअर करण्याआधी नट पाइपात ओवला का, ते बघा. मी दोन सुरेख फ्लेअर केले आणि दोन्ही नट टेबलावरून माझ्याकडे बघत होते.

आता ब्रॅकेट, म्हणजे पाइप आणि होज गाडीला धरून ठेवणारे पत्र्याचे आधार. पाइपाच्या धातूवर लोक दिवसेंदिवस डोकं खपवतात आणि ब्रॅकेटला तारेचा ब्रश मारून पुन्हा तेच लावतात. कुनिफर निवडलात तर सगळी भिस्त यांच्यावरच आहे. रबरी होज (चाकाकडे जाणारी लवचिक नळी) आणि पाइप जिथे जुळतात तिथला ब्रॅकेट चाकाची हालचाल होजमध्येच अडवतो, पाइपापर्यंत पोचू देत नाही. त्याचं भोक बऱ्याचदा षटकोनी किंवा एका बाजूने सपाट असतं, होज पिळला जाऊ नये म्हणून. ते भोक गंजून गोल झालं असेल, तर ब्रॅकेट बादच. ब्रश मारून, रंग देऊन ती सपाट बाजू परत येत नाही.

चॅसिसला वेल्ड केलेला ब्रॅकेट पाया मजबूत असेल तर ठेवावा. पाया पातळ झाला असेल तर कापून नवा वेल्ड करावा, आणि वेल्डिंग पाइप घालण्यापूर्वी उरकावं. ॲक्सलवरचे वाकवायचे पत्र्याचे कान एक-दोनदा उघडले की तुटतात. त्यांच्या जागी रबर अस्तराच्या पी-क्लिप (इंग्रजी P च्या आकाराच्या) लावा, साधारण वीतभर अंतरावर. रबर असल्याने पाइप घासत नाही आणि दोन वेगळे धातू एकमेकांना टेकतही नाहीत. होज धरणारी घोड्याच्या नालासारखी क्लिप मात्र नवीच घ्या. जुनी ढिली बसते.

रबरी होज याच वेळी बदला, त्यात तुलना करण्यासारखं काही नाही. जुना आतून सुजून ऑइल परत येऊ देत नाही आणि ब्रेक धरून राहतो.

ऑइल भरण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा, पुढचं आणि मागचं चाक एकेक करून लटकू द्या, आणि कुठला होज किंवा पाइप कशाला टेकतोय का ते बोट फिरवून तपासा. मग हवा काढा, इंजिन बंद असताना पेडल जोरात दाबून धरा, आणि दुसऱ्या कोणाला तरी कोरडा कागद घेऊन प्रत्येक नटखाली पाठवा.