मोड आलेल्या मुगाची लॅब टेस्ट करून आणली, अनुभव सांगते

मी सकाळी नागपुरात अंबाझरीच्या वॉकवाल्यांना मोड आलेले मूग-मटकी आणि कच्च्या सॅलडचे डबे देते, मानेवाड्यावरून, दीड वर्ष झालं. मार्चमध्ये एका रोजच्या काकांनी विचारलं, "ताई हे कच्चंच खायचं ना, कधी टेस्ट केलं का?" उत्तर नव्हतं माझ्याजवळ. म्हणून शहरातल्या एका एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये गेली. नाव लिहीत नाही, पुढे तक्रार पण आहे.

सॅम्पल कसं आणायचं ते फोनवर नीट सांगितलं, त्यांचीच निर्जंतुक पिशवी, थर्माकोलच्या डब्यात आइस पॅक, त्याच दिवशी पोचवायचं. मी बापा भर उन्हात ॲक्टिव्हावर धावत गेली आणि काउंटरवरच्या पोराने डबा उघडून टेबलावर ठेवून दिला, आधी फॉर्म भरा म्हणे. पाऊण तास! मोडासारखी ऊब अन् ओल बॅक्टेरियाला आणखी कुठे मिळते. शेवटी मीच म्हटलं, दादा आधी फ्रिजमध्ये ठेव, फॉर्म कुठे पळून नाही चालला.

साल्मोनेला आणि ई. कोलाय हे जंतू, आणि टोटल काउंट म्हणजे एकूण जंतू किती, अशा तीन टेस्ट. साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये अजिबात सापडायला नको असा हिशोब. त्याला वेळ लागतोच, आधी सॅम्पल पोषक द्रवात ठेवून जंतू वाढवतात, मग वेगळ्या द्रवांत, मग प्लेटवर, तिथे मधोमध काळा ठिपका असलेल्या कॉलनी दिसल्या तर पुन्हा खात्री. पाच दिवस म्हणाले होते, रिपोर्ट आला नवव्या दिवशी, आणि मुगाच्या जागी 'चणा' छापून. दुरुस्तीला तीन फोन.

साल्मोनेला नाही, ई. कोलाय नाही, पण टोटल काउंट ग्रॅममागे कोटीच्या वर! पोटात गोळाच आला. तशीच आतल्या मायक्रोबायोलॉजीवाल्या मॅडमना भेटली आणि तिथे पैसे वसूल झाले. मोडात एवढा आकडा असतोच, बहुतेक निरुपद्रवी असतात, त्यावरून काही ठरवू नका म्हणे. मग त्यांनी विचारलं, "मूठभर मूग आणला तुम्ही, बाकी सात किलोचं काय?" रोगाचे जंतू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, पातेल्याच्या एका कोपऱ्यात असले तर पिशवीत येणारच नाहीत. त्यापेक्षा मोड येताना धुतल्यावर चाळणीतून निथळलेलं पाणी आणा, ते सगळ्या दाण्यांवरून गेलेलं असतं. २०११ मध्ये जर्मनीत मोडांमुळे चार हजारांच्या आसपास लोक आजारी पडले, पन्नासवर गेले, संशय इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर होता, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे घाण बियाण्यातूनच येते बरेचदा, आणि मी इतवारीतून पोतं उचलते, ते कुठेकुठे पडलं होतं देव जाणे.

बरं, रिपोर्ट येईपर्यंत तो माल लोकांच्या पोटात जाऊन पचलेला असतो, मोड काय आठवडाभर टिकतात थोडीच. म्हणून आता नवीन पोतं आलं की आधी थोडे मूग भिजवते, मोड येतानाचं निथळलेलं पाणी लॅबला देते, रिपोर्ट येईपर्यंत पोतं शिवलेलंच.

मॅडमना पाचपैकी पाच, काउंटरला दोन. दुसऱ्यांदा रिपोर्ट सहाव्या दिवशी आला, सॅम्पल बरोबर लिहिलं होतं, माझं आडनाव चुकलं.