रिमवर्ल्ड बायोटेक: हवी तशी माणसं बनवा, मग त्यांना पोसा

रिमवर्ल्ड या परग्रहावर कॉलनी वसवायच्या गेमचं बायोटेक (२०२२ चं एक्सपान्शन, म्हणजे जोडभाग, मूळ गेम आधी घ्यावाच लागतो) मी घेतलं ते फक्त झेनोटाइप एडिटरसाठी, म्हणजे आपल्याला हवे ते जीन्स निवडून आपली प्रजाती बनवायची आणि तिची कॉलनी चालवायची. आणि ऑफलाइन चालतो हो, आमच्या देवगडात पावसात नेटचा काय भरवसा नसतो.

खरी मजा मेटाबॉलिझमच्या हिशोबात आहे. तगडा जीन टाकला की आकडा खाली, लंगडा टाकला की वर. उणे ५ ला माणूस सव्वादोनपट जेवतो, अधिक ५ ला निम्म्यात भागतं. मी जागा घेतली ट्रॉपिकल रेनफॉरेस्टची, आपल्यासारखीच, बारा महिने पेरा पण मलेरियापासून जंतांपर्यंत सगळं अंगावर घ्या. म्हणून इम्युनिटी जबरी, उकाडा सोसणारी, शेतीत हुशार अशी मंडळी केली तर आकडा एवढा घसरला की कितीपण भात लावा, पुरतच नाय. मग दारूवर अवलंबून असायचा जीन टाकला, त्याने पॉइंट परत मिळतात, पण ५ दिवस बियर नाय मिळाली की त्रास सुरू, ३० दिवसांनी कोमा आणि ६० ला खेळ खलास. (असली दोन-चार मंडळी आमच्या वाडीत पण आहेत.) त्यामुळे अर्धी शेती बियरला लागणाऱ्या हॉप्सची.

शिंगांचा जीन पण टाकला, तो नुसता शोभेचा. भाऊ मागून बघून म्हणतो, "पोरांका शिंगां कित्याक लावलंस?"

एडिटरमध्ये जीन्स वारशाने जाणार का ती टिक नक्की बघा, नसेल तर पोरं साधी जन्मतात.

मला आवडलं नाय ते नंतरचं काम. चालू कॉलनीत जीन काढायला माणसाला एक्स्ट्रॅक्टरमध्ये घालायचा, कुठला जीन निघेल ते नशीब, आणि त्या बिचाऱ्याचे जीन्स भरून यायच्या आत परत काढायला गेलात तर तो मरतो. निघालेले जीनपॅक जीन बँक नावाच्या यंत्रात ठेवायचे, तिला वीज लागते, नाहीतर ते खराब होतात, आणि सोलर फ्लेअर (सूर्यावरचं वादळ) आला की सगळीच लाईट जाते, म्हणजे गेममध्ये पण सुटका नाय. आर्काइट (म्हणजे खास तगड्या) जीन्सना लागणाऱ्या कॅप्सूल तर सहज मिळतच नाहीत.

तरी घ्याच. फक्त लॅपटॉप जुना असेल तर कॉलनी छोटी ठेवा, माणसं वाढली की गेम रांगायला लागतो.