अमेरिका आणि हैती: दोन स्वातंत्र्यं, दोन किमती

अमेरिकेतल्या १३ वसाहतींनी १७७६ मध्ये ब्रिटनशी नातं तोडलं ते कर आणि प्रतिनिधित्वाच्या वादातून. १७७८ मध्ये फ्रान्स मदतीला आला, १७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केलं. गुलामगिरी मात्र तशीच राहिली.

फ्रान्सची वसाहत असलेल्या हैतीत उठले ते गुलामच. म्हणून मला हा लढा अधिक मोठा वाटतो. १७९१ मध्ये उसाच्या मळ्यांत पेटलेलं बंड नेपोलियनच्या फौजेलाही मोडता आलं नाही. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला. आधी सम्राट आला, मग १८०६ मध्ये दक्षिणेत प्रजासत्ताक. पण मान्यतेसाठी फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँक मागितले, तेही जुन्या मळेवाल्यांची भरपाई म्हणून! (पुढे ही रक्कम ९ कोटींवर आली.) आणि शेजारच्या अमेरिकेने हैतीला मान्यता दिली थेट १८६२ मध्ये.